हॉर्नशिवाय नांदेड

लातूर ते नांदेड या पट्ट्यात धावणाऱ्या निम्म्या गाड्या माझ्या आत्तेसासूबाईंच्या कृपेनं धावतात आणि उरलेल्या निम्म्या त्यांच्या हाती अजून लागल्या नाहीत म्हणून कुरकुरत धावतात, असं माझं ठाम मत आहे. आत्तेसासूबाई म्हणजे माझ्या बायकोची सख्खी आत्या. लातूरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं फॉल्ट शोधण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर शहरातले टेलिफोनच नाहीसे झाले. हातांना काम हवं होतं, ते त्यांनी दारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक वाहनात शोधून काढलं. सकाळी आंघोळ, मग तळहातावर इष्टलिंग घेऊन शांतपणे पूजा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि ती विभूती वाळायच्या आत बाई अंगणात मांडी घालून कुणाच्या तरी स्कूटरचा प्लग पुसत बसलेल्या. त्यांच्या घरी मुक्कामाला जाणाऱ्याचा टूथब्रश जरा जुना दिसला, की तो चेन साफ करण्याच्या डब्यात जातो. मी स्वतः तिथं दोन ब्रश गमावले आहेत. पाहुणा आला तर पाणी आधी विचारावं की नाही, हे त्या त्याच्या गाडीच्या आवाजावरून ठरवतात. आवाज ठीक असेल तर पाणी, नसेल तर किल्ली.

त्यांची तपासण्याची रीत एखाद्या जुन्या वैद्यासारखी. पहिली पंधरा मिनिटं गाडीला हात म्हणून लावायचा नाही, नुसते प्रश्न. माझी मोटारसायकल एकदा आठ-दहा किलोमीटर झाले की बंद पडायची आणि जरा वेळानं गुमान चालू व्हायची. दोन मेकॅनिक झाले होते, आणि तिसरा पिस्टन गेला म्हणून इंजिन खोलायला निघाला होता. आत्याबाईंनी मला ओट्यावर बसवलं. "बंद पडल्यावर तुम्ही काय करता, जावईबापू?" मी म्हटलं, काही नाही, उतरतो. "उतरून?" टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघतो. "दर बारी?" हो, दर वेळी. बाई उठल्या, टाकीचं झाकण काढलं, त्यातल्या टाचणीएवढ्या छिद्रात बसलेला चिखल सुईनं टोकरला आणि झाकण माझ्या हातात दिलं. टाकीत हवा जात नव्हती, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं, आणि मी झाकण उघडलं की हवा जायची. म्हणजे सहा महिने गाडी मीच दुरुस्त करत होतो, फक्त मला पत्ता नव्हता. "पार्ट बदलणं म्हंजे रिपेरी न्हाई," त्या म्हणाल्या, "ती खरेदी हाय."

पासष्टी ओलांडल्यावर त्यांनी गाडीची चूक वाचणारं एक यंत्र मागवलं. काड्यापेटीएवढी वस्तू. स्टेअरिंगखाली खोचली की इंजिनाच्या मनातलं सगळं मोबाइलवर दिसतं. त्यानंतर काही महिने आमच्या नातेवाइकांना लग्नकार्याला गाडी घेऊन जायची भीती वाटू लागली. औशाच्या एका लग्नात तर त्या फुलांनी मढवलेल्या नवरदेवाच्या गाडीत शिरल्या. वरात खोळंबली, बँडवाले तीच धून तिसऱ्यांदा वाजवू लागले, नवरदेव घोड्यावरून उतरलेला, आणि या आत झेंडूच्या माळा बाजूला सारत चूक वाचतायत. मुलाचे वडील खिडकीशी येऊन हात जोडून उभे राहिले. "दोन मिनटं थांबा की," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "नवरीला घेऊन अर्ध्या वाटंत थांबण्यापरीस इथं थांबलेलं बरं." गाडी ठणठणीत निघाली. पण त्या घराण्यानं त्यांना पुढं बारशाचं बोलावणं केलं नाही.

माझ्या लेकीच्या परीक्षेच्या दिवशी मात्र त्या सोबत होत्या हे माझं नशीब. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, केंद्र नांदेडला, दीड वाजता फाटक बंद. दोन वर्षं पोरीनं त्या एका दिवसासाठी अभ्यास केला होता. मे महिना, रस्ता तापून चमकत होता. आत्याबाई "त्या गाडीचा मला भरवसा न्हाई" म्हणत पिशवी घेऊन आमच्या कारच्या मागच्या सीटवर आपणहून बसल्या होत्या. नऊला लातूरहून निघालो. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लेक मनाशी सूत्रं पुटपुटत होती. लोहा मागं पडलं आणि पाचेक मिनिटांत उष्णतेचा काटा लाल रेघेकडं चढू लागला.

आत्याबाईंनी मागून मान पुढं घातली. "एसी बंद करा. हीटर लावा."

"हीटर?"

"इंजिनाची गरमी आत घ्यायची. काचा खाली करा आन् सावली बघा."

मे महिन्यात, भर दुपारी, हीटर लावून आम्ही लिंबाच्या एका झाडापर्यंत गेलो. माझी लेक पाण्यानं भिजवल्यासारखी निथळत होती, तरी सूत्रं चालूच होती. गाडी थांबताच मी बॉनेटकडं धावलो, तशी बाईंनी माझा सदराच धरला. "रेडिएटरच्या टोपणाला हात लावायचा न्हाई. तोंड भाजंल." मग यंत्र खोचलं, आकडा पाहिला, मला एसी लावायला सांगून स्वतः जाळीशी वाकल्या. एसी लागला की समोरचा पंखा फिरायलाच हवा. तो ढिम्म होता.

"पाणी हाय, पट्टा हाय. पंख्याला ईज पोचंना," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आनंदानं थरथरला. मी घड्याळ बघत होतो. बारा वाजून गेले होते. नांदेड अजून तीस किलोमीटर. बाई फ्यूजच्या डब्याच्या झाकणावरचं चित्र चष्म्यातून वाचत होत्या. फ्यूज शाबूत निघाला. मग त्यांनी एक छोटी काळी डबी उपसून कानाशी हलवली. "हा रिले. ईजेला जा म्हणतो न्हाई तर थांब म्हणतो. एक्सचेंजात असले हजार सांभाळलेत मी. हा मेलाय." शेजारची तशीच दुसरी डबी त्यांनी उपसली आणि मेलेल्याच्या जागी दाबून बसवली. पंखा घुर्र करून फिरू लागला. त्या आवाजाइतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

"ही दुसरी कुठली काढली?" मी विचारलं.

"हॉर्नची. दोघी सख्ख्या बहिणी हायत्या."

अशा तऱ्हेनं आम्ही हॉर्नशिवाय नांदेडात शिरलो. पुढं ऑटो, मागं बस, आडव्या दुचाक्या, आणि एक वाजलेला. आत्याबाईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, दारावर थाप मारत त्या ओरडत होत्या, "सरका रे बाबा, पोरीची परीक्षा हाय." लोक खरंच सरकत होते. निळ्या पगडीतले एक आजोबा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून त्यांनी समोरचे ऑटो अडवले. फाटकाशी पोचलो तेव्हा दीडला आठ मिनिटं कमी होती. लेक पळत आत गेली. मागं वळून तिनं आत्याआजीला हात केला, मला नाही.

मग आम्ही दोघं समोरच्या रसवंतीच्या मांडवात बसलो. बाईंच्या विभूतीचा घामानं मागमूस उरला नव्हता, पदराला काळं लागलं होतं. मी म्हटलं, आज तुम्ही नसता तर पोरीचं वर्ष गेलं असतं. त्या बंद फाटकाकडं बघत होत्या.

"मला आयटीआयला जायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "मोटार मेकॅनिकला. माझे वडील, आण्णा, म्हणले, पोरींची नावं न्हाई घेत तिथं. मी बी गप बसले. जाऊन इचारलं न्हाई कुणाला." रसाचा पेला त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "आता वाटतं, इचारायला पायजे व्हतं. घेतलं बी असतं."

नातं जुळून वीस वर्षं झाली होती आणि ही गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नव्हती.

पेपर सुटला, फाटक उघडलं. आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. मुलींचे घोळके बाहेर पडत होते, दमलेल्या, हसणाऱ्या, उत्तरं ताडून बघणाऱ्या मुली. आत्याबाई एकेकीकडं निरखून बघत होत्या. आमची लेक समोर येऊन त्यांचा हात धरून उभी राहिली, तरी त्यांची नजर तिच्या खांद्यावरून मागून येणाऱ्या पोरींवरच होती.