भरलेली समजा

त्यांच्या हातात कुठलीही लांबट वस्तू दिली की ते आधी तिचं तोंड भिंतीकडे वळवत. छत्री असो, सायकलचा पंप असो, नाहीतर कुणाच्या पोराची पिपाणी. मग एक डोळा बारीक करून आत बघत आणि म्हणत, "भरलेली समजा." एकदा माझ्या आईने मूठ निखळलेलं लाटणं त्यांच्याकडे दुरुस्तीला नेलं. त्यांनी तेही भिंतीकडे वळवलं. आई म्हणाली, "अहो, लाटणं आहे ते!" त्यावर ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "तुमच्या हातात असताना भरलेलंच की." माझे वडील आठवडाभर हसत होते. आईने मात्र लाटणं परत आणलं आणि दोघांशीही बोलणं बंद केलं.

परळच्या आमच्या चाळीत सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. फोर्टमधल्या बंदुकांच्या एका जुन्या दुकानात ते कारागीर होते. तुम्ही म्हणाल, बंदुकीचा माणूस म्हणजे झुपकेदार मिशा आणि करडा आवाज. छे! बारीक चणीचा, टोपी कानांपर्यंत ओढलेला हा माणूस झुरळ दिसलं तर माझ्या आईला हाक मारायचा. शिकारीचा शौक असलेल्या बड्या लोकांच्या बंदुका त्यांच्या हाताखालून गेल्या, पण त्यांनी स्वतः कधी चिमणीही मारली नव्हती. गाव वेंगुर्ल्याकडे, बायको-मुलं गावी, इथे ते एकटेच. एरवी चारचौघांसारखं बोलत, पण आतून हलले की मालवणी बाहेर यायची.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. त्या सुमारास चाळीत कुजबुज सुरू झाली की मिस्त्री कोटाच्या खिशात पिस्तूल घेऊन फिरतात. खिसा फुगलेला तर सगळ्यांनाच दिसत होता. आणि काय सांगू, चाळीचं देऊळ झालं! नळावर बायका एकमेकींना "आधी तुम्ही" म्हणू लागल्या. जिन्यात धक्का लागला तर पुरुष माफी मागू लागले. सहा दिवस असे गेले. सातव्या दिवशी जिन्यात कुणीतरी मिस्त्रींवर आदळलं आणि खिशातली वस्तू खणकन खाली पडली. सगळे भिंतीला चिकटले. ती आमच्याच नळाची पितळी तोटी होती. गळते म्हणून ते ती दुकानात नेऊन रोज थोडी थोडी घासून नीट करत होते, आणि आम्ही त्या नळाला लाकडी खुंटी ठोकून पाणी भरत होतो. तोटी बसली आणि दुसऱ्या दिवशी त्याच नळावर बादल्या आपटल्या.

तरी समोरच्या खोलीतल्या शिवराम जॉबरने त्यातून भलताच धडा घेतला. गिरणीत साच्यांवरच्या कामगारांवर हुकमत चालवणारा हा गडी गॅलरीत उभा राहून म्हणाला, "बघितलंत? नुसत्या संशयाने चाळ सुधारली. मग प्रत्येकाच्या खिशात खरं पिस्तूल दिलं तर? पोलिसांकडे आहेत, आपल्याकडे का नकोत? मिस्त्री, तुम्ही आणून द्या."

"काल नळावर किती भांडणं झाली?" मिस्त्रींनी विचारलं.

"झाली असतील पाच-सहा."

"त्यात मेलं कोण?"

"कोणी नाही. सावंतीणबाईंची घागर चेपली."

"मग देऊ आणून?"

गॅलरी हसली, पण शिवराम हटेना. "अहो, पण भीती तर बसली होती ना!"

"एका खिशाची भीती होती," मिस्त्री म्हणाले. "चाळीस खिसे फुगले की कोण कोणाला भिणार? जो तो म्हणेल, समोरच्याच्या आधी मीच काढतो. आणि लायसन देताना सायेब विचारतो, शिकार करता काय, शेत राखता काय. नळावर जाता काय, असं कोणी विचारत नाय."

त्या हसण्यात मी नव्हतो. मला शिवरामचं म्हणणं पटलं होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून. थोड्याच दिवसांपूर्वी मोर्चावर गोळीबार झाला होता आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मित्राच्या मांडीतून गोळी आरपार गेली होती. त्याला हातगाडीवर घालून नेताना त्याचं रक्त माझ्या धोतरावर सांडलं. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. गोदीकडच्या एका ओळखीच्या खलाशाला मी मनगटावरचं घड्याळ काढून दिलं आणि त्याच्याकडून एक जुनं पिस्तूल घेतलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी मोर्चाला निघालो. पिस्तूल कमरेला, वर सदरा. खाली जिन्याशी मिस्त्री दाढी करत बसले होते. आरशातूनच त्यांनी मला पाहिलं.

"खंय चाललंस?"

"मोर्चाला."

"उजवो हात हलना नाय तुझो."

"पोटात दुखतंय," मी म्हणालो.

"पोटात नाय, पट्ट्यात दुखता." अर्धी दाढी तशीच ठेवून ते उठले, माझं मनगट धरलं आणि मला खोलीत घेऊन गेले. दार लावलं. "काढ. तोंड भिंतीकडे."

मी काढलं. त्यांनी ते फडक्यात घेतलं, गोळ्या काढून ओळीने खिडकीत ठेवल्या. मी एकदम भडकलो. मित्राची मांडी, हातगाडी, सगळं बोलून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"दाखवणार होतंस कोणाक?"

"दाखवायचं कशाला? लपवूनच ठेवणार होतो. वेळ आली तर..."

"म्हणजे समोरच्याक म्हायतच नाय. मग भीती कोणाक? तुका! जिन्यावरनं उतरताना घाम फुटलो तुका. आणि समोरचो शिपाई कोण? आपल्याच गावाकडचो कोणी तरी. त्याच्याय आईन त्याका भाकरी बांधून दिली आसतली."

मला पटलं नव्हतं. मग त्यांनी एक पितळी सळई घेऊन पिस्तुलाच्या नळीत घातली. ती निम्म्यावर जाऊन अडली. त्यांनी ठोकून बघितलं. ती पुढे सरकेना.

"आत जुनी गोळी अडकली हा," ते म्हणाले. "मागसून दुसरी सुटली आसती तर नळी फुटली आसती. शिपायाक काय झाला नसता. ह्यो हात गेलो आसतो." आणि माझं मनगट त्यांनी परत घट्ट धरलं.

मला रडू आलं, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

त्यांनी पिस्तूल लोखंडी शेगड्याच्या जबड्यात आवळलं, माझ्या हातात लोखंडाची करवत दिली आणि म्हणाले, "काप."

"मोर्चा निघून जाईल."

"मोर्चा खंय जाता? मुंबई मिळेपर्यंत रोज आसा."

मी कापत होतो आणि ते उरलेली दाढी करत होते. दोन तास लागले. तळव्याला फोड आले. मग त्यांनी कोट चढवला, दोन्ही खिसे उलटे करून मला दाखवले आणि माझ्याबरोबर निघाले. लालबागला आम्ही मोर्चा गाठला. त्यांचा आवाज इतका किनरा, की त्यांनी घोषणा दिली की पुढचे दहा जण वळून बघायचे. मिस्त्री त्यांच्याकडे बघून हसायचे आणि पुन्हा घोषणा द्यायचे.

राज्य झालं त्या वर्षी त्यांनी काम सोडलं आणि गावी जायला निघाले. भाऊच्या धक्क्यावर मी त्यांची ट्रंक उचलून नेली. आगबोट लागलेली, कोलाहल सुरू. मला त्यांना बरंच काही सांगायचं होतं, पण ते आंब्याच्या रिकाम्या करंड्यांवरून हमालाशी भांडत होते. भोंगा झाला तेव्हा कुठे ते माझ्याकडे वळले. मी वाकून पाया पडायला गेलो, तर त्यांनी मला मध्येच धरलं. माझा उजवा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आणि पाचही बोटं अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक करून दाबली.

"बरी आसत," ते म्हणाले, आणि फळीवरून बोटीत चढले.