डब्यात मका होता

आमच्या नणंदबाई, इंदूबाई, गेल्या तेव्हा माझे हात पिठात होते. सकाळचे दहा वाजले असतील. आतून आवाज आला, "काय वो मक्काबाई, भाकर होते का नाई आज?" मी म्हटलं, "आणतो बाई." पहिली भाकर तव्यावरून काढून घेऊन गेले, तर त्या भिंतीला टेकून बसलेल्या, मान कललेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आठ दिवसांवर होती... लोक हळहळले, सणाच्या तोंडावर गेल्या म्हणून. मला वाईट वाटलं ते दुसऱ्याच कारणानं. अखाजीला त्यांची मुलं, सुना, नातवंडं आमच्याकडे अकोल्याला येणार होती आणि भरल्या पंगतीत मी बाईंना एक वाक्य ऐकवणार होते. दोन वर्षं जपलेलं वाक्य. ते न ऐकताच त्या निघून गेल्या. आज सव्वा महिना झाला. राग काही जात नाही, म्हणून या वहीत लिहून ठेवते. चारचौघांत बोलणं मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंत शिकले, तेवढं लिहिता येतं.

माझं माहेर हिवरखेडचं. तिथून सातपुडा दिसतो. बाबा मका पेरायचे. आई उकळत्या पाण्यात पीठ भिजवून तळहाताच्या टाचेनं रगडायची, मगच मक्याची भाकर थापता येते, नाहीतर चिरते. ती भाकर, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी आणि वाटीभर ताक, एवढं खाऊन माणसं दिवसभर वावरात राबत. लग्नानंतरच्या पहिल्या अखाजीला इंदूबाई अमरावतीहून आल्या. त्यांचे मालक साहेब होते, त्यांच्या घरी दोन्ही वेळा गव्हाची पोळी. पाहुण्याला भाकर वाढत नाहीत, हे मला माहीत होतं. पण आमच्या माहेरी नणंदेला पाहुणी समजत नसत, घरची समजत. म्हणून मी मोठ्या हौसेनं माहेरच्या मक्याची भाकर केली, वर लोणी ठेवलं आणि त्यांच्या ताटात वाढली. बाईंनी ती दोन बोटांत धरली, उठल्या, मागच्या दाराला गेल्या आणि म्हशीच्या गव्हाणीत टाकून आल्या. हात धुतले आणि म्हणाल्या, "आमच्या इकडं हे ढोरं खातात." सगळी पंगत हसली. आमचे हेसुद्धा हसले. म्हशीनं लोणी चाटलं तेही मला स्वयंपाकघरातून दिसत होतं. त्या दिवसापासून मी मक्काबाई झाले. माझं नाव कमल आहे. माझ्या मुलीच्या लग्नात व्याह्यांसमोरही बाई म्हणाल्या, "ही आमची मक्काबाई." मी पदर सारखा केला आणि पाण्याचे पेले पुढे केले. दुसरं काय करणार होते?

पुढे त्यांचे मालक वारले, मुलं पुण्याला गेली आणि बाई आजारी पडून भावाच्या घरी, म्हणजे आमच्याकडे आल्या. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, पोट सारखं बिघडायचं. दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि कळलं की त्यांना गहू चालत नाही. कणभरसुद्धा नाही. आहार सांगणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आजी, ज्वारी खा, भात खा, मका खा. मक्यात चांगली ताकद असते, पण तो एकटा पुरत नाही, सोबत वरण नाहीतर ताक घ्या." बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "मका हिच्या माहेरचे लोकं खातात. मी नाई खात." मॅडम हसल्या. मीही हसले. सवयच होती.

मोठ्या मुलानं, सतीशनं, पुण्याहून बिनगव्हाच्या पिठाचा डबा पाठवला. झाकणावर चकचकीत चित्र, बाजूला तक्ता... प्रथिनं किती, लोह किती, तंतू किती. बाई चष्मा लावून तो तक्ता पोथीसारखा वाचायच्या. पण त्या पिठाची पोळी कागदासारखी व्हायची. दोन घास घेऊन ताट सरकवायच्या. पोलक्याच्या बाह्या दंडावर लोंबायला लागल्या. एका सकाळी ताट सरकवून त्या म्हणाल्या, "तुले पोळी येत नाई, मक्काबाई. तुया हातालेच ढोराची सवय हाये."

त्याच दुपारी मी डब्यातलं पीठ काढून ठेवलं आणि त्यात मक्याचं पीठ भरलं. दया आली म्हणून नाही. खा, म्हटलं, आता रोज ढोराचं खा.

पहिल्या दिवशी त्यांनी घास तोंडात घोळवला, थांबल्या. मग म्हणाल्या, "आज जमलं तुले. रंग पिवळा काहून?" मी म्हटलं, "नवा डबा हाये बाई, पीठ बदललं त्याइनं. याची भाकरच होते." दोन महिन्यांत त्या अंगणात फिरायला लागल्या. शेजारणीला तक्ता वाचून दाखवायच्या, "पाह्य, याच्यात लोह हाये. भारी पीठ हाये. साध्या भाकरीत असते का हे?" मी आतून ऐकायची आणि वाक्य घोळवायची... बाई, इतके दिवस झाले तुमी ढोराचं खाऊन राहिल्या.

सूड सोपा नव्हता. चक्कीवर गव्हाचं पीठ मिसळतं, म्हणून मी घरी जात्यावर दळायची. मक्याचं पीठ फार दिवस ठेवलं तर कडू होतं, म्हणून दर चार दिवसांनी थोडं थोडं. वरण घट्ट, ताक रोजचं ताजं. माझे खांदे भरून यायचे आणि बाईंचे गाल भरायचे. वाक्य मात्र अखाजीसाठी राखून ठेवलं होतं, कारण माझी भाकर अखाजीलाच गव्हाणीत गेली होती. पहिल्या वर्षी मुलं आलीच नाहीत. या वर्षी येणार होती.

ती आली तेरवीला, बाईंच्या तेराव्याला. जेवणं झाल्यावर सतीशनं तो डबा हातात घेतला. त्याचे डोळे भरले. "मामी, या पिठानं आईले उभं केलं. हा डबा मी नेतो, आठवण म्हणून."

मी म्हटलं, "मका हाये त्याच्यात."

"काय?"

"मका. दोन वर्षं मक्याचीच भाकर खाल्ली तुया आईनं. तू पाठवलेलं पीठ माळ्यावर हाये, चढून पाह्य."

माझा आवाज एवढा मोठा निघतो हे मलाच माहीत नव्हतं. सतीशच्या बायकोनं हळूच विचारलं, "मग आईंना सांगितलं का नाही, मामी?" मी म्हटलं, "अखाजीले सांगणार होती." कोणी हसलं नाही. सतीशनं डबा परत माझ्या हातात दिला. मला वाटलं होतं, बोलले की मन थंड होईल. झालं नाही. ज्या कानांसाठी ते वाक्य होतं, ते कान तिथं नव्हते.

डबा आता माझ्या फडताळात आहे. गरम पाण्यात बुडवून त्याचा तक्ता खरवडून काढला आणि मुलीच्या जुन्या पेनानं वर लिहिलं, मका. खाली लिहिलं, कमल. रोज सकाळी पहिली भाकर मी बाईंच्या फोटोपुढे ठेवते. थोड्या वेळानं फाटकापाशी गाय येते, तेव्हा उचलून तिच्यापुढे टाकते. शेजारीण म्हणते, "किती माया होती वो तुमची नणंदेवर." मी मान हलवते. म्हशीच्या जागी गाय आहे, एवढाच फरक, तो त्या फोटोतल्या बाईला कळला असेल तर बरं.

एक गोष्ट मात्र माझ्या हातून सुटत नाही. बाईंचे खालचे दात पडले होते, म्हणून मी भाकरीच्या कडा पातळ थापायची, पाण्याचा हात फिरवून मऊ ठेवायची. गाईला कडक कडा चालतात. रोज ठरवते, उद्यापासून जाड थापीन... आणि हात आपोआप पाण्याकडे जातो.