माहेरी नेता येईल असं यंत्र

माझ्या हृदयाची झडप बदलली तेव्हा दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नुकतेच तिथल्याच द्वारका भागातल्या नव्या फ्लॅटमध्ये आलो होतो. झडप कृत्रिम. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, आणि गोळीचं प्रमाण ठरवायला सारखी रक्ततपासणी. माझं माहेर महाबळेश्वरच्या डोंगराखालचं खेडं. तिथे कुठली लॅब? ऑपरेशननंतर मी गेलेच नव्हते. आईला गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नव्हता. फोनवर ती विचारायची, यंदा तरी येशील ना.

मग डॉक्टर म्हणाले, घरीच बोट टोचून तपासायचं यंत्र आता मिळतं. दुकानात विक्रेत्याने दोन यंत्रं मांडली. ह्यांना पहिलं आवडलं. पडदा मोठा, आकडे ठळक. मी मात्र रक्ताचा थेंब ज्यांच्यावर घ्यायचा त्या पट्ट्यांचे डबे उलटेसुलटे करत होते. पहिल्याच्या पट्ट्या फ्रिजमध्येच ठेवाव्या लागणार होत्या. दुसऱ्याच्या पट्ट्या फ्रिजबाहेर चालतील का, असं मी विचारलं.

"हां, बस धूप से बचाना. पर फ्रिज तो सबके घर में होता है, मॅडम."

हे माझ्याकडे बघत राहिले. आमच्या गावात पावसात वीज किती दिवस जाते, हे जावई म्हणून त्यांनी भोगलं होतं.

"आईकडे जायचंय ना तुला?"

मी मान हलवली.

दुसरं यंत्र घेतलं. डॉक्टरांनी त्याचा आकडा लॅबच्या आकड्याशी ताडून पाहिला, फोनवर कळवत राहा म्हणाले, आणि मी महिनाभरासाठी गावी गेले.

आईने परसातल्या माठाची भाजी केली होती. पालेभाजीने गोळीचा असर कमी होतो म्हणून दिल्लीत मी ती भीतभीतच खायची. हे मी फोनवर सांगितलेलं आठवून वाढताना आईचा हात थांबला.

"वाढ गं थोडी," मी म्हणाले, "परवा तपासून बघते."

बोट टोचताना तिने माझं मनगट धरलं आणि तोंड फिरवलं. आकडा ठीक आला.

निघायच्या दिवशी यंत्राची पिशवी तिने मांडीवर घेतली होती. "हे हितंच ठेवून जा," ती म्हणाली. "म्हंजे परत यावं लागंल."

मी हसून पिशवी घेतली. पुढच्या दिवाळीला यायचं ठरलं होतं. आई त्याआधीच गेली. अजून वाटतं, आणखी आठ दिवस राहायला हवं होतं.