चोपन्न किलो

कॅप्टनकाका माणसाला आधी नजरेनं तोलायचे, मग रामराम घालायचे. "बासष्ट," असं तोंडावर सांगून मोकळे! आमच्या दूध संस्थेच्या काट्यावर चढून लोक खात्री करायचे. फरक निघाला तर एखाद्या किलोचा. एकदा भर मांडवात त्यांनी विहीणबाईंचं वजन जाहीर केलं आणि काकूंनी महिनाभर त्यांच्याशी अबोला धरला.

काका सैन्यात हेलिकॉप्टर चालवायचे. निवृत्त होऊन नांदूरघाटाकडच्या आमच्या गावी परतले आणि आम्ही त्यांना संस्थेचं चेअरमन करून टाकलं. मी सेक्रेटरी. संस्थेची जीप बाहेर काढायच्या आधी तिच्याभोवती एक फेरी मारायची आणि नको ते सगळं उतरवायचं, ही त्यांची खोड. रिकामी पोती, तुटका पत्रा, एकदा तर माझा जेवणाचा डबासुद्धा. "उगं भार कशाला, सेक्रेटरी?" उपाशी मी राहिलो, त्याचं काही नाही.

दुष्काळाच्या वर्षी निम्मं गाव ऊसतोडीला गेलं होतं. दिवस भरलेली सखू मागं राहिली होती. तिला भर दुपारी कळा सुरू झाल्या, तेव्हा जीप दुधाचे कॅन घेऊन निघायच्या बेतात होती.

"दूध नासलं तर सभासद मला सोलतील," मी म्हणालो.

"नासू दे की!" म्हणत काकांनी कॅन उतरवले. सवयीनं स्टेपनीही उतरवली. सखूला घेऊन केजच्या दवाखान्याकडं निघालो, तर अर्ध्या वाटेत चाक बसलं. काका स्टेपनीच्या रिकाम्या जागेकडं बघतच राहिले.

"डोंगरात हेलिकॉप्टर उडवायची खोड. हितं जमीन चाकाखालीच हाय, हे इसरलोच."

सखू तशा कळांतही म्हणाली, "काका, भार हाय म्हणून मला नका बरं हितंच टाकू."

काकांचं तोंड एकदम उतरलं. "तुला टाकीन व्हय, बाई?" म्हणत त्यांनी तिला उचललं आणि उन्हात चालू लागले. वय झालेलं, धाप लागलेली, पण मला हात लावू देईनात. मागून ट्रॅक्टर आला म्हणून बरं. सखूला मुलगी झाली.

दवाखान्याच्या ओट्यावर मी विचारलं, "मघाशी तोंड का उतरलं होतं, काका?"

ते सांगू लागले. "लढाईत डोंगरावर दोन जखमी आणायला गेलतो. हवा पातळ, मशीनमधी एकच माणूस उचलंल एवढी ताकद. गोळे पडत होते, पुन्यांदा जायला मिळणार नव्हतं. एकाला चढवला. दुसरं पोरगं काई बोललं न्हाई, नुसतं बघत होतं. नजरेनं तोललं त्याला. चोपन्न किलो. मग दारं काढली, मागची बैठक काढली, हत्यारांची पेटी, माझा कोट, बूट, समदं बर्फात फेकलं आन् घेतलं त्याला. मशीन उडंल का न्हाई, मलाच ठावं नव्हतं."

"उडलं ना!"

"उडलं. पर दवाखान्यात नेल्यावर पोरगं वाचलं का न्हाई, ते काई कळलं न्हाई. नाव इचारायचं बी राहिलं."

आता मला कळलं, सुट्टीवर आलेल्या प्रत्येक जवानाला काका चहाला का बोलवायचे आणि लढाईतल्या जखमींची चौकशी का करायचे. मला या माणसाचा फार अभिमान वाटला.

शेवटच्या दुखण्यात काका फार वाळले. बीडच्या दवाखान्यात नर्सनं त्यांना काट्यावर उभं केलं आणि आकडा वाचला, "चोपन्न."

काका कितीतरी दिवसांनी हसले. "त्या पोराएवढाच झालो बग, सेक्रेटरी. मला न्यायला आता तेच आलं, तर त्याला जड जायचं न्हाई."

"आणि नाहीच आलं तर?" मी रडू आवरत चेष्टा केली.

"मंग ते वाचलं म्हनायचं!" काकांचा चेहरा असा उजळला, की बाजूच्या खाटेवरचा माणूसही उठून बसला.

चौथ्या दिवशी काका गेले. अजूनही जीप काढताना मी तिच्याभोवती एक फेरी मारतो, नको ते उतरवतो. स्टेपनी तेवढी राहू देतो.