बिनकामाचा दाखला

"एक घडी थांबा जी, वाचून घेतो," असं म्हणून जमादार खिशातून चष्मा काढत. कागद चार ओळींचा, दर महिन्याचा तोच. तरी प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून ते तो वाचत, शेवटी पोचले की पुन्हा पहिल्या ओळीवर जात. तोवर माझ्या टेबलापुढची रांग दारापर्यंत गेलेली असे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस येत असेल. तो दारात दिसला की आपण मनातल्या मनात कपाळावर हात मारतो.

मी गोंदियात पोलीस खात्याच्या पगार शाखेत कारकून आहे. अंगावर वर्दी नाही, पण वर्दीवाले मला दबून असतात. महिनाअखेरीस तर मी कुणाचीच नसते. कुडव्याहून स्कूटी हाणत येते तीच मुळी चिडलेली.

जमादार म्हणजे हवालदार, आमच्याकडे हाच शब्द चालतो. हे निलंबित होते. त्यांच्या ठाण्याने एका हातभट्टीवर छापा घातला, त्यात ओल्या मोहफुलांची पोती जप्त झाली. मुद्देमाल सांभाळायचं काम यांच्याकडे. पोत्यांत फुलं सडतील म्हणून या भल्या माणसाने ती ठाण्याच्या गच्चीवर पसरली, वाळवली आणि परत भरून ठेवली. पुढे वजन झालं तेव्हा माल निम्म्याहूनही कमी भरला. बाकीचा जमादारांनी विकून खाल्ला, असा ठपका आला. वीस-बावीस वर्षांची नोकरी जाणार होती, आणि गावात चोर म्हणून तोंड दाखवावं लागणार होतं.

निलंबित माणसाला निर्वाह भत्ता म्हणून अर्धा पगार मिळतो. त्यासाठी दर महिन्याला लिहून द्यावं लागतं, की या काळात मी दुसरी कोणतीही नोकरी, व्यवसाय वा धंदा केलेला नाही. पहिल्याच सहीला त्यांनी विचारलं, "काम नाई, म्हंजे काईच नाई का जी, मॅडम?"

रांग लांब होती. मी खेकसले, "काही म्हणजे काहीच नाही! काडीसुद्धा उचलायची नाही."

"बरं जी," म्हणाले, आणि सही करून गेले.

बाहेर चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, "जमादार की तो ऐश है, फोकट का पगार!" एकदा जमादार माझ्याजवळ म्हणाले, "बसून खाल्लेला अंगी नाई लागत, मॅडम." मी मान न उचलता हूं म्हटलं.

दिवाळीच्या सुमारास त्यांची बायको ऑफिसात आली. ठेंगणी, चटपटीत बाई. आल्या आल्या माझ्यावरच उखडली. "तुमी यायले काय सांगून ठेवले, मॅडम? घरचं लाकूड नाई फोडत. किराणा आणाले सांगतलो त म्हंते, मले काम बंद हाय. धानाच्या रोवणीत भावाच्या बांधीच्या पाळीवर उभे रायले, चिखलात पाय नाई टाकला. भाऊ म्हणे, दादा, काऊन असा करतेस? त म्हंते, लिवून देल्लो हावो."

आधी मला हसू फुटलं. मग लाज वाटली. एका रागाच्या वाक्यात मी एका धडधाकट माणसाला चार महिने बांधून ठेवलं होतं. पुढच्या सहीला मी त्यांना खुर्ची दिली आणि समजावलं, की घरचं काम चालतं, भावाच्या शेतातलंही चालतं, त्याला धंदा म्हणत नाहीत.

ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तेवढं लेखी द्या न जी."

आता ते लेखी कोण देणार? मी साहेबांना विचारलं, साहेबांनी वर विचारतो म्हटलं, आणि वर गेलेला कागद वरच राहिला. जमादारही तसेच राहिले. नियमाच्या बाबतीत माझ्याहून सरकारी माणूस मला आयुष्यात एवढा एकच भेटला.

चौकशी अधिकारी समुद्राकडच्या जिल्ह्यातले होते. मोह फक्त बाटलीत असतो, अशी त्यांची समजूत. ओला मोह वाळला की निम्माही उरत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण फाइलीला ठाऊक नव्हतं. त्यांनी पुरावा मागितला तेव्हा जमादार म्हणाले, "फुलू द्या न जी." आणि खरोखरच चौकशी मोहाच्या हंगामापर्यंत थांबली. ऑफिसात त्यांची थट्टा चाले, "जमादार, तुमचा साक्षीदार अजून फुललाच नाही!" तेही हसत. मला मात्र त्या साक्षीदाराची धास्ती वाटायची. मोह यंदा कमी आला तर?

मोह आला. अधिकाऱ्यांसमोर तोलायला ताजी फुलं हवी होती, म्हणून एका रविवारी मी त्यांच्याबरोबर त्यांच्या गावी गेले, चिचगडच्या पुढे. सकाळी झाडाखाली पिवळट फुलांचा सडा पडला होता. वेचलं कुणी? मी आणि त्यांच्या बायकोने. जमादार हात मागे बांधून उभे! "मॅडम, ते पाचोळ्यातलं रायलं जी," एवढं सांगायचे. टोपली भरेपर्यंत माझी कंबर मोडली. त्यांची बायको पदराआड हसत होती.

ती टोपली अधिकाऱ्यांसमोर तोलली, ऑफिसच्या गच्चीवर पसरली, वर पहारा बसवला. आठवडाभर सगळ्या पोलीस ऑफिसला मोहाचा वास येत होता. भेटायला आलेले लोक एकमेकांकडे बघायचे. मग फुलं पुन्हा तोलली. अधिकाऱ्यांनी काटा दोनदा रिकामा करून पाहिला आणि म्हणाले, "कमाल आहे!"

पावसाळ्यात आदेश आला. जमादार निर्दोष, निलंबनाचा सगळा काळ कामावर धरलेला. अर्जुनी मोरगावकडे नेमणूक झाली, आणि त्यांचं माझ्याकडे येणं संपलं. रांग आता भराभर सरकते. खरं सांगते, मला करमत नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा रजेचा अर्ज आला. आठ दिवस अर्जित रजा. कारणाच्या रकान्यात सगळे 'घरगुती काम' लिहितात. यांनी लिहिलं होतं, 'मोहफूल वेचणे'. साहेबांनी मला विचारलं, "हे काय कारण झालं?" मी म्हटलं, "काम आहे, साहेब. द्या ना."

रजा मंजूर झाली. काल मोह कसा आलाय ते विचारायला मी फोन लावला. त्यांच्या बायकोने उचलला. जमादार कुठे आहेत, विचारलं.

"झाडाखाली हायेत जी," ती म्हणाली, "यायचे हात रिकामे नाईत."