कोंबडीला विचारलास काय?

"कोंबडीला विचारलास काय?"

डहाणूच्या जनावरांच्या दवाखान्यातून मी कुठलीही सरकारी गोष्ट घेऊन कैनाडच्या पाड्यावर गेलो, की तिथली एक कोंबड्या पाळणारी बाई जवळची कोंबडी उचलायची, तिच्या छातीच्या हाडावर अंगठा दाबून बघायची आणि मला हा प्रश्न टाकायची. मी हसायचो. तुम्हीही हसला असता.

ती सगळ्यांना 'तू' म्हणायची. एकदा जिल्ह्याचे मोठे साहेब आले, तर तिनं त्यांच्या हातात कोंबडीच दिली. "धर. तू तिला नवा हायस." साहेबांनी सगळं भाषण काखेत कोंबडी धरून केलं.

तिच्याकडं तीन गावठी कोंबड्या होत्या, खुडूक बसण्यात, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडण्यात, पटाईत. पाड्यावर कुणाकडं अंडी साठली की तिची खुडूक कोंबडी उसनी न्यायची, अंड्यांवर बसवायची आणि निघालेली अर्धी पिल्लं तिला आणून द्यायची. पाड्याच्या निम्म्या कोंबड्या अशा तिच्या नात्यातल्या होत्या.

मग योजना आली. बाहेरून येणाऱ्या मालापुढं टिकायचं म्हणून सरकार शेड, जाळी आणि सुधारित पांढरी पिल्लं देणार होतं. अट एकच, रोग नको म्हणून आसपास गावठी कोंबडी ठेवायची नाही. तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. मी अर्जावर तिचा अंगठा घेतला आणि घरोघरी जाऊन सगळ्यांच्या गावठी कोंबड्या विकायला लावल्या. माझं काम मी फार उत्साहानं करतो.

वर्षभर छान चाललं. तलासरीजवळ हायवेवरचा एक ढाबेवाला तिच्या कोंबड्या घ्यायचा. एके दिवशी त्यानं नको म्हणून सांगितलं. मी तिला घेऊन जाब विचारायला गेलो. त्यानं फ्रीजर उघडून खोकं दाखवलं. आत नुसत्या तंगड्या, एकसारख्या, बर्फानं पांढऱ्या झालेल्या.

"परदेशी माल आहे," तो म्हणाला. "तिकडं लोक छाती खातात. तंगड्या इकडं स्वस्तात येतात."

तिनं एक तंगडी उचलली. सवयीनं अंगठा दाबला, तो घसरला.

"हिची बाकीची कोंबडी कुठं हाय?"

मला धक्का बसला. बाहेरच्या मालावर वर्षभर भाषणं ठोकणारा मी तो माल डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होतो.

मदत म्हणून सरकारनं पुन्हा पिल्लं मंजूर केली. मी अर्ज घेऊन गेलो. तिनं तो परत केला.

"मला एक खुडूक कोंबडी दे. सात अंडी साठलीत. ह्या पांढऱ्या अंडं टाकतात नि उठून जातात. बसत नाय."

त्यात काय मोठं, असं वाटून मी पाडा पालथा घातला. मग शेजारचा. एकही खुडूक कोंबडी उरली नव्हती. दारोदार फिरून हे मीच केलं होतं.

शेवटी तलासरीच्या बाजारात एक मिळाली. ती घेऊन धावत गेलो, तर बाईच्या घराला कडी. शेजारीण म्हणाली, "ती गेली, गुजरातेत कामाला."

"आणि अंडी?"

"लुगड्यात पोटाशी बांधून हिंडत होती. ऊब देत होती. रात्री कुशीवर वळत नव्हती. एक पण फुटला नाय. जाताना शेडात ठेवून गेली."

मी शेडकडं वळलो. शेडमध्ये एका टोपलीत पेंढ्यावर सात अंडी नीट मांडून ठेवलेली होती. मी एक उचललं. थंडगार होतं.

काखेतली कोंबडी टोपली बघून खुडखुड करायला लागली. माझा अंगठा नकळत तिच्या छातीच्या हाडावर गेला. पण तिला काय विचारायचं, ते मला कुठं ठाऊक होतं?