हजाराव्या प्रयोगातला नोकर

दुसऱ्या अंकात आमचे मुख्य नट अण्णा गप्प झाले. वाक्य त्यांचंच होतं, नऊशे नव्याण्णव वेळा बोललेलं. मी विंगेतून पहिले दोन शब्द टाकले. पुन्हा टाकले. अण्णा खुर्चीवर बसून चष्मा पुसू लागले. लोकांना तो विनोद वाटला. हसले.

मी प्रॉम्प्टर. नट अडला की पडद्याआडून हळूच पुढचं वाक्य सांगायचं, एवढंच माझं काम. सुरतेतला तो दुपारचा प्रयोग हजारावा होता, आणि त्याच दिवशी अण्णांना पासष्ट पूर्ण झाली होती. दौऱ्यानं सगळेच दमलेले. समोर पांडेसरा भागातले खानदेशी मिल कामगार, बायकामुलांसह.

नाटकात त्यांच्या बायकोचं काम करणाऱ्या नटीनं अण्णांचं वाक्य स्वतःच बोलून टाकलं आणि अंक ओढून नेला. मध्यंतरात आयोजक पाटीलभाऊ आत आले.

"काय व्हयनं अण्णा? तब्येत बरी शे ना?"

अण्णा नुसतं हसले. भाऊ गेल्यावर मला म्हणाले, "डावा कान गेलाय रे. उजवाही निघालाय. कुणाला बोलू नकोस."

मी मॅनेजरला सांगितलंच. म्हटलं, "थांबवू या."

"हजारावा प्रयोग? भाऊ वर्षभर मागे लागले होते! तूच स्टेजवर जा. नोकर हो. ट्रे घेऊन त्यांच्या उजव्या कानाशी उभा राहा."

तिसऱ्या अंकात मी धोतर नेसून उभा. अण्णा अडले की पाणी द्यायला वाकायचो आणि कानात वाक्य सांगायचो. चौथ्या वेळी अण्णा प्रेक्षकांकडे वळून म्हणाले, "या घरात मालकापेक्षा नोकराला जास्त कळतं!" संहितेत हे नव्हतं. थिएटर दणाणलं. त्यानंतर मात्र ते पाठ असलेल्या वाक्यांनाही माझ्यासाठी थांबू लागले. थकले होते.

पडदा पडला. भाऊंनी अण्णांना शाल पांघरवली आणि हार माझ्याही गळ्यात घातला. "बठ्ठास्मा हाऊ नोकर भारी शे!" सगळ्यांत नोकरच भारी, म्हणे.

टाळ्या सुरूच होत्या. अण्णांनी मला जवळ ओढून विचारलं, "हसले का रे?"

"खूप," मी त्यांच्या कानात ओरडलो.

दौरा तिथेच संपला आणि अण्णांनी काम सोडलं. नवीन नट आला, नोकराची भूमिका काढून टाकली, मी परत विंगेत.

प्रॉम्प्टरचं काम नीट झालं तर तो कुणाला दिसत नाही. सगळ्या नोकरीत मला टाळ्या मिळाल्या त्या एकदाच, तेही काम बिघडलं म्हणून.